लिनक्स घेतलं की व्हायरसचा विषय संपला?

बरेच जण म्हणतात की 'विंडोज काढा, लिनक्स टाका, मॅक घ्या, व्हायरसचं टेन्शन खल्लास'. अहो असं नसतं हो. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या ट्रोजनने (साध्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन शिरणारा व्हायरस) सहा लाखांच्या आसपास मॅक धरले होते, जावा या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून, आणि ते भोक जावा बनवणाऱ्या ओरॅकलने फेब्रुवारीतच बुजवलं होतं, मॅकसाठी ॲपलचा पॅच (भोक बुजवणारं अपडेट) आला एप्रिलमध्ये.

आणि लिनक्सवाल्यांचं लाडकं वाक्य, 'रूट पासवर्डशिवाय काही होत नाही' (रूट म्हणजे सिस्टिमचे सगळे अधिकार असलेलं खातं). बरं, पण तुमचे फोटो, टॅली बॅकअप, ब्राउजरमधले सेव्ह केलेले पासवर्ड कुठे असतात? होम फोल्डरमध्ये, आणि तिथे तुम्ही चालवलेल्या कुठल्याही स्क्रिप्टला रूट लागतच नाही, सगळं एन्क्रिप्ट करून (कुलूपबंद करून) बसेल तरी सिस्टिम एकदम ठणठणीत दिसेल :) २०१६ चा मिराई व्हायरस आठवा, त्याने धरलेले कॅमेरे न् राउटर लिनक्सवरच चालत होते, फक्त कंपनीने दिलेला पासवर्ड कुणी बदललेला नव्हता. आमच्या सोसायटीच्या डीव्हीआरचा (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा) पासवर्ड परवापर्यंत ॲडमिन-ॲडमिन होता, तोही चिठ्ठीवर लिहून मॉनिटरलाच चिकटवलेला!

विंडोजची बाजू घेतोय असं नाही, मी स्वतः उबुंटूच (लिनक्सचा एक प्रकार) वापरतो. पण विंडोजवरचं वॉनाक्राय (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) मे २०१७ मध्ये आलं, त्याचा पॅच मार्चमध्येच निघाला होता, तरी लोक 'रिमाइंड मी लेटर' दाबत बसले. तेव्हा ओएस (विंडोज, लिनक्स की मॅक) कुठली ते नंतर बघू, आधी सांगा शेवटचं अपडेट कधी मारलंत?