जवळपास एए किंवा एनएची मीटिंग कशी शोधायची?

पाऊलवाट (प्रश्न)

मोठा भाऊ रोज पितो आणि वर्षभरापासून झोपेच्या गोळ्याही घेतोय. या आठवड्यात पहिल्यांदाच आपणहून म्हणाला, "एकदा मीटिंगला जाऊन बघतो." त्याचं मन फिरायच्या आत जवळची एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट) किंवा एनए (नार्कोटिक्स अनॉनिमस, नशा सोडू पाहणाऱ्यांचे गट) यांची मीटिंग शोधायची आहे. नेटवर पाहिलं की व्यसनमुक्ती केंद्रांच्या जाहिराती येतात, नंबर लावला की थेट ॲडमिशनचं विचारतात. बारा पायऱ्यांचे, म्हणजे व्यसन सोडायचा बारा टप्प्यांचा कार्यक्रम पाळणारे, खरे गट कसे ओळखायचे? यादीत 'ओपन', 'क्लोज्ड' लिहिलेलं असतं ते काय? मी सोबत गेले तर चालेल का? आणि दारू, गोळ्या दोन्ही असतील तर एए की एनए?

उंबरठा

ताई, आधी जाहिरातींचं. एए, एनए, अल-अनॉन (पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीचे गट) यांत ॲडमिशन नसतं, फी नसते, खाटा नसतात. गटाचा खर्च सदस्यच आपापसांत उचलतात, बाहेरची देणगी घेतच नाहीत. मीटिंगमध्ये पिशवी किंवा डबा फिरतो, पण नवख्याने त्यात काही टाकायची गरज नसते. त्यामुळे फोनवर पहिल्या दोन मिनिटांत पैशांचा किंवा 'गाडी पाठवतो'चा विषय निघाला, तर तुम्ही गटाशी बोलत नाही आहात. ते केंद्र वाईटच असेल असं नाही, पण तुम्हाला हवंय ते वेगळं आहे.

सर्चमधल्या वरच्या ओळी सोडून द्या आणि थेट संघटनेच्या अधिकृत संकेतस्थळावर जा. एएचं 'मीटिंग गाइड' हे मोफत ॲप आहे, लोकेशन चालू केलं की जवळच्या मीटिंग दिसतात. एनएचा शोध वेगळा आहे, तोही करा. ॲपवर काहीच दिसलं नाही म्हणून गटच नाही असं धरू नका. माहिती स्थानिक कार्यालयांकडून येते, ज्यांनी भरली नाही त्यांचे गट नकाशावर नसतात. अशा वेळी इंटरग्रुपला, म्हणजे त्या भागातल्या गटांच्या सामाईक कार्यालयाला फोन करा. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही बऱ्याचदा गटांची माहिती असते.

यादी फसवते ती एका कारणाने. गटांची स्वतःची जागा नसते. शाळेचा वर्ग, प्रार्थनास्थळाची खोली, दवाखान्याचा हॉल असं कुठेतरी भरतात. खोली गेली की गट हलतो, नोंद मात्र तशीच राहते. पहिल्याच दिवशी कुलूप बघून परतलेला माणूस पुन्हा निघेलच याची खात्री नाही. म्हणून त्याच दिवशी दुपारी फोन करून विचारा: आज मीटिंग नक्की आहे ना, दार कुठल्या बाजूने, कुठल्या भाषेत बोलतात, आणि दाराशी कोणी भेटेल का? शेवटचा प्रश्न विसरू नका. आत वीस अनोळखी माणसं बसलेली असताना एकट्याने पाऊल टाकणं आणि नाव घेऊन कोणीतरी हात पुढे करणं, यात फार फरक आहे.

फोन भावानेच केला तर उत्तम. "माझं नाव अमुक, दारू सोडायची आहे, पहिल्यांदा येतोय," एवढं पुरे. आडनाव, पत्ता, नोकरी काही सांगावं लागत नाही.

ओपन मीटिंगला कोणीही येऊ शकतं: नातेवाईक, विद्यार्थी, नुसतं बघायला आलेला माणूस. क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःचं पिणं थांबवायचं आहे त्यांच्यासाठी. एएच्या तिसऱ्या परंपरेप्रमाणे (परंपरा म्हणजे गटांनी पाळायची तत्त्वं) सदस्यत्वाला अट एकच, पिणं थांबवण्याची इच्छा. म्हणजे क्लोज्डला भाऊ पहिल्या दिवसापासून जाऊ शकतो, तुम्ही नाही. पहिल्या वेळेला ओपन निवडा आणि सोबत जा. शक्यतो नवख्यांसाठीची किंवा अनुभवकथनाची मीटिंग पाहा. पायऱ्यांच्या अभ्यासाची मीटिंग पहिल्या दिवशी जड जाते, कारण पुस्तकातला उतारा वाचून त्यावर बोलणं चालू असतं आणि संदर्भ लागत नाही.

एए 1935 मध्ये सुरू झालं ते दारूपुरतं. एनए 1953 चं, तिथे दारूही ड्रगच मानतात, पदार्थ कुठला हे विचारतच नाहीत. भावाचं दोन्ही असल्याने दोन्हीकडे जाता येईल. फक्त एएच्या क्लोज्ड मीटिंगमध्ये बोलणं दारूपुरतं ठेवा अशी अपेक्षा असते. तिथे गोळ्यांचं काढल्यावर कोणी थांबवलं तर तो अपमान समजू नये.

रातवा

मीटिंग शोधाच, पण त्याआधी डॉक्टर. रोज पिणाऱ्याने दारू आणि झोपेच्या गोळ्या एकाच दिवशी बंद करणं धोक्याचं आहे. दारू एकदम थांबवल्यावर फिट्स येतात त्या बहुधा पहिल्या 6 ते 48 तासांत. नंतर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, काहींना डिलिरियम होतो: भान सुटतं, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. यात जीव जाऊ शकतो. झोपेच्या बऱ्याच गोळ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या असतात. त्या अचानक तोडल्या तरी फिट येते, आणि दीर्घकाळ टिकणारी गोळी असेल तर काही दिवस उलटून गेल्यावरही. त्यामुळे डोस कसा आणि किती दिवसांत उतरवायचा हे डॉक्टरच ठरवतील. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि रोजचं पिणं किती हे खरं सांगायला लावा. घरचे लोक ते निम्म्याने सांगतात आणि डोस तिथेच चुकतो. आधी कधी फिट आली असेल तर तेही सांगा.

डोस उतरवत असतानाही मीटिंगला जाता येतं. तिथे एखादा म्हणेल, "गोळ्याही व्यसनच, सगळ्या फेकून दे." ते ऐकू नका. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, ही एएची स्वतःचीच भूमिका आहे.

दिवेलागण

वरच्या दोघांनी पोचायचं कसं ते सांगितलं, मी पोचल्यानंतरचं लिहिते.

एका मीटिंगवरून निकाल लावू नका. प्रत्येक गट स्वतंत्र चालतो आणि फरक खूप असतो. पाच-सहा वेगवेगळ्या मीटिंग झाल्या की मग ठरवा. चांगल्या गटाची खूण: वेळेवर सुरू होतो, नवीन कोण आलंय ते विचारतात पण बोलायची सक्ती करत नाहीत, एकाचं बोलणं चालू असताना दुसरा सल्ला देत नाही, आणि मीटिंग संपल्यावर दोन-तीन जण आपले नंबर लिहून देतात. भाऊ "आज फक्त ऐकतो" म्हणू शकतो, यात वावगं काही नाही. मीटिंग तास-दीड तासाची असते. दहा मिनिटं आधी पोचा. आणि संपल्यावर लगेच निघू नका, खरी ओळख खुर्च्या उचलताना होते.

नंबरांचं बहुतेकांकडून चुकतं. कागद खिशात राहतो आणि पहिला फोन पिण्याची इच्छा अनावर झाल्यावर करायचा असं मनात असतं. त्या क्षणी अनोळखी माणसाला फोन लागत नाही, बोटच हलत नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी, सगळं ठीक असताना, नुसतं "काल भेटलो होतो" म्हणायला फोन करावा. सवय आधी लागली की अडचणीच्या वेळी हात आपोआप फोनकडे जातो.

स्पॉन्सर म्हणजे पायऱ्या करून घेणारा जुना सदस्य. घाईने निवडू नये, पण महिनोन्महिने टाळूही नये. दरम्यान तात्पुरता स्पॉन्सर मागता येतो. त्याला सरळ विचारावं: तुमच्या बाराही पायऱ्या झाल्यात का, तुमचा स्वतःचा स्पॉन्सर आहे का, रोज किती वाजता बोलता येईल? स्पॉन्सर शक्यतो पुरुषाला पुरुष, स्त्रीला स्त्री असावा ही जुनी शिफारस आहे, आणि ती उगाच नाही. जुन्या सदस्याने नवख्याशी जवळीक साधल्याचे प्रकार होतात. कोणी पैसे उसने मागितले किंवा एकांतात भेटायचा आग्रह धरला, तर गट बदला आणि गटाच्या सेक्रेटरीला कळवा.

चौथ्या पायरीत स्वतःचा लेखी हिशेब मांडायचा असतो आणि पाचवीत तो दुसऱ्या माणसासमोर वाचायचा. पुष्कळ जण नेमके इथे मीटिंगला येणं बंद करतात. भाऊ त्या टप्प्यावर टाळाटाळ करायला लागला तर नवल वाटू देऊ नका.

पाऊलवाट

खूप आभार. डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली. दोन शंका राहिल्या. तो देव मानत नाही. आणि घरातल्या आम्हा लोकांसाठी काही असतं का?

उंबरठा

पायऱ्यांमध्ये देव आहे, पण 'आम्हाला जसा उमगला तसा' या शब्दांसह. कित्येक जण त्या जागी गटालाच धरून चालतात. काही ठिकाणी नास्तिकांच्या वेगळ्या मीटिंगही असतात, ऑनलाइन तर नक्की मिळतील. एवढं करूनही बसलं नाही तर स्मार्ट रिकव्हरी आहे. त्यात पायऱ्या नाहीत, विचार आणि वागणूक बदलण्याची तंत्रं आहेत. ऑनलाइन जाताना आत शिरण्याआधी खात्यावरचं नाव बदलायला सांगा, नाहीतर पूर्ण नाव आडनावासकट सगळ्यांना दिसतं.

तुमच्यासाठी अल-अनॉन, 1951 पासूनची संघटना आहे. तिथे भावाला सुधारायचं कसं हे शिकवत नाहीत. त्याचं पिणं तुमच्यामुळे सुरू झालेलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि तुम्ही ते बरं करू शकत नाही, हे धरून स्वतःचं जगणं सावरायला मदत करतात. भाऊ मीटिंगला गेला नाही तरी तुम्ही जा.

पाऊलवाट

डॉक्टरांनी बघितलं, गोळ्या टप्प्याटप्प्याने उतरवणार आहेत. फोन त्यानेच केला. गुरुवारी सातची ओपन मीटिंग आहे. यादीतला पत्ता जुना निघाला, दार आता मागच्या गल्लीतून आहे. पावणेसातला तिथे एक जण उभे राहणार आहेत.