कोबीला ह्यूमिक: चार लॅटरल बंद ठेवून बघितल्या, आता तुमचं मत सांगा

माळवंवाला, शिरोळ

नमस्कार मंडळी. माझी साडेतीन एकर काळी जमीन. दोन एकर ऊस, दीड एकरात दरवर्षी दिवाळीच्या आसपास कोबीची लागण. गेली तीन वर्षं कोबीला ठिबकातनं ह्यूमिक (मुळी वाढावी म्हणून देतात ते काळं सेंद्रिय द्रव्य) सोडतोय. पहिली दोन वर्षं सगळ्या रानाला सोडलं, गड्डे चांगले आले आणि 'ह्यूमिकनं आले' असं गावभर सांगितलं. गेल्या वर्षी पोरीनं विचारलं, "बाबा, न सोडता किती आले असते?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

म्हणून यंदा मधल्या चार लॅटरलना (ओळीतल्या ठिबक नळ्यांना) ह्यूमिक लागू दिलं नाही. सोडताना त्यांचे कॉक बंद केले आणि नंतर तेवढीच मिनिटं साधं पाणी दिलं. बेसल डोस (लागणीचं खत), फवारण्या, भांगलण सगळं सारखं. बाकीच्या रानाला लागणीनंतर आठव्या आणि पंचविसाव्या दिवशी एकरी एक-एक किलो पोटॅशियम ह्युमेट, म्हणजे ह्यूमिकची पाण्यात विरघळणारी पावडर.

विसाव्या दिवशी दोन्हीकडची तीन-तीन रोपं खुरप्यानं मातीसकट उचलली आणि बादलीत हलवून धुतली. ह्यूमिकच्या रोपांना सोटमुळाच्या बाजूनं पांढऱ्या तंतूंची दाट जाळी होती, माती सुटता सुटेना. दुसरीकडची मुळं निरोगीच, पण विरळ. काढणीला निवड न करता ओळीनं पन्नास-पन्नास गड्डे तोडले. ह्यूमिकचे भरले एकसष्ट किलो, बिगर ह्यूमिकचे पंचावन्न.

दीड फुटावर लागण म्हणजे एकरी वीस हजाराच्या आसपास रोपं. गड्ड्यामागं सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर फरक धरला तरी एकराला दोन टनांच्या वर जातो. खर्च हजार रुपयाच्या आत. माझं मत: सोडावं. विरोधात कुणाला बोलायचं असेल तर मोकळेपणानं बोला.

उकिरडा, करवीर

राग मानू नका, पण मला हे पटत नाही. माझं वय एकाहत्तर, कोबी चाळीस वर्षं करतोय.

साधा हिशोब करू. एक एकर रानाची वरची सहा इंच माती म्हणजे साडेआठ लाख किलोच्या आसपास. सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला तरी त्यात सव्वाचार हजार किलो कर्ब आहे. त्यात तुम्ही दोन किलो पावडर टाकून माती सुधारली म्हणता? समुद्रात मिठाची पुडी सोडल्यासारखं आहे ते. मातीला लागतं ते एकरी सात-आठ टन कुजलेलं शेणखत. त्यातून चाळीसेक किलो नत्र मिळतं ते वेगळंच. वर तागाचं हिरवळीचं खत, उसाचं पाचट, आणि मेंढरं बसवायची. पूर्वी सुगी झाली की धनगराला निरोप जायचा, रानात आठ रात्री मेंढरं बसायची. त्या रानातला कोबी हातात घेतला की दगडासारखा लागायचा.

आज गोठ्यात एकच म्हैस, तिचं शेण गोबरगॅसला. ह्यूमिकचा डबा दुकानात सहज मिळतो, ट्रॉली भरायला माणूस मिळत नाही, म्हणून डबा खपतोय. पोरं डब्यावर विसंबली आणि रानात खत पडायचं बंद झालं, हे मी माझ्या भावकीत डोळ्यांनी बघतोय. माझा विरोध त्यासाठी आहे.

माळवंवाला, शिरोळ

आबा, राग कसला. पण मी 'माती सुधारली' असं म्हटलेलं नाही, मुळी वाढली म्हणालो. एकरी एक किलो म्हणजे एका वेळी रोपामागं पन्नास मिलिग्रॅम. ते अख्ख्या रानात पसरत नाही, ड्रिपरखालच्या ओल्या गोळ्यात पडतं आणि आठ दिवसांच्या रोपाची मुळी तेवढ्यातच असते. तुम्ही खत म्हणून वजन करताय, मी चालना म्हणून बघतोय. आणि शेणखत मी बंद केलेलं नाही, यंदाही पाच ट्रॉल्या पडल्यात.

कृषी पदवीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

दोन्ही बाजूंना आधार आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ह्यूमिक पदार्थ वेगळे काढण्याची रीत जुनी आहे. 1786 मध्ये आखार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते पीटमधून (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून) अल्कलीने काढले. आजही मूळ पद्धत तीच: लिग्नाइट (तपकिरी कोळसा) किंवा त्याचाच झिजलेला प्रकार लिओनार्डाइट घ्यायचं, कॉस्टिक पोटॅशमध्ये विरघळवायचं, ते झालं पोटॅशियम ह्युमेट. मुळावर परिणाम होतो याला पुरावा आहे. मुळाच्या पेशींमधले प्रोटॉन बाहेर टाकणारे पंप जास्त चालतात, ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकासारखा परिणाम दिसतो आणि बाजूची मुळं वाढतात. दादांनी बादलीत जी जाळी बघितली ती याच्याशी जुळते. 2014 साली बऱ्याच प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ह्यूमिकमुळे झाडाच्या वरच्या भागाचं कोरडं वजन सरासरी 22 टक्के आणि मुळांचं 21 टक्के वाढलेलं दिसलं.

पण कोरडं वजन म्हणजे बाजारात जाणारा गड्डा नव्हे. कुंडीतलं रोप आणि शिरोळचं रान यांत फरक आहे. सरासरीभोवतीचा विस्तारही मोठा आहे: माल कशापासून बनवला, किती दिला, माती कोणती, यावर सगळं बदलतं. शिवाय 2015 मध्ये 'नेचर'मध्ये एक लेख आला, त्यात म्हटलंय की अल्कलीने काढलेलं ह्यूमिक त्याच रूपात मातीत असतंच असं नाही, ती काढण्याच्या पद्धतीची निर्मिती आहे. म्हणजे 'डब्यात मातीचा ह्यूमस भरलाय' ही जाहिरात आबा म्हणतात तशी टिकत नाही.

दादा, तुमच्या प्रयोगाबद्दल एक शंका. चारही लॅटरल एकाच ठिकाणी सलग होत्या ना? तिथली माती मुळातच थोडी हलकी असली किंवा उताराला असली तर सहा किलोचा फरक तेवढ्यानंही पडतो. बंद ओळी रानात तीन-चार ठिकाणी विखुरलेल्या हव्यात.

माळवंवाला, शिरोळ

ताई, सलगच होत्या. आणि खरं सांगायचं तर त्या पट्ट्यात जुना पाट जातो, तिथं पाणी जरा थबकतं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

लाल रान, राधानगरी

आमच्याकडची गोष्ट वेगळी. तांबडी, आम्लधर्मी माती, पावसानं धुतलेली. मीही दोन हंगाम ह्यूमिक सोडलं, काही फरक नाही. गड्डा कापला की देठ आतून पोकळ. माती तपासली तर सामू (पीएच) साडेपाचाच्या खाली आणि बोरॉन कमी. चुना टाकला, बोरॉन दिलं, पुढच्या हंगामात गड्डे भरले. कोबीला सामू सहा ते साडेसहाच्या दरम्यान मानवतो, हे कळायला मला दोन हंगाम लागले. माझं म्हणणं इतकंच की शेजाऱ्यानं सोडलं म्हणून सोडू नका, आधी माती परीक्षण करा. त्याचा खर्च ह्यूमिकच्या एका पुड्यापेक्षा कमी आहे.

कृषी सेवा केंद्र, जयसिंगपूर

मी विकणारा आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे माझं बोलणं त्या हिशोबानं घ्या.

ह्यूमिकची मागणी खरी आहे आणि चांगला माल काम करतो, असं परत परत येणारी गिऱ्हाईकं सांगतात. पण बाजारात नुसतं काळं पाणीही खूप आहे. 2021 मध्ये केंद्रानं जैव-उत्तेजकं (पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्यं) खत नियंत्रण आदेशाखाली आणली, ह्यूमिक-फुलविक त्यातच येतं. त्याआधी कुणीही डबा भरावा आणि विकावा अशी गत होती. आजही पक्कं बिल न देता मोटारसायकलवर माल विकत फिरणारे आहेतच. डब्यावर '98 टक्के' लिहिलेलं असतं, ते पुष्कळदा पाण्यात विरघळण्याचं प्रमाण असतं, ह्यूमिक ॲसिड त्याहून बरंच कमी भरतं. घटकांची टक्केवारी बारीक अक्षरात असते ती वाचा.

घरी एक चाचणी करता येते. काचेच्या ग्लासात चिमूटभर पावडर पाण्यात विरघळवा, वर दोन लिंबं पिळा आणि तासभर हलवू नका. ह्यूमिक ॲसिड आम्लात विरघळत नाही, त्यामुळं खरं असेल तर काळा गाळ फुटून खाली बसतो आणि वर चहासारखं पाणी राहतं. डिस्टिलरीचं काळं पाणी किंवा कागद कारखान्यातलं लिग्नोसल्फोनेट असेल तर ग्लास काळाचा काळाच राहतो. किती टक्के आहे ते यातनं कळत नाही, पण आहे की नाही याचा अंदाज येतो.

पन्हाळ्याची शेतकरीण

एक सावधगिरी माझ्याकडून. मी घाईत व्हेंचुरीच्या (ठिबकात खत ओढून घेणाऱ्या नळीच्या) बादलीत ह्यूमिक आणि कॅल्शियम नायट्रेट एकत्र केलं. पाच मिनिटांत बादलीत दही फाटल्यासारख्या काळ्या गुठळ्या. तरी चालू केलं, आणि अर्ध्या एकरातले ड्रिपर तुंबले. मी आणि जाऊबाई दोन दिवस सुईनं एकेक ड्रिपर मोकळा करत होतो. फॉस्फरिक ॲसिडबरोबरही हीच गत होते. ह्यूमिक एकट्यानं सोडा, आधी-नंतर साधं पाणी चालवा.

अडत्या, मार्केट यार्ड

तुम्ही सगळे वजनावर बोलताय. गिऱ्हाईक काय मागतं तेही बघा. घरगुती गिऱ्हाईकाला पाऊण ते एक किलोचा घट्ट गड्डा हवा. दीड-दोन किलोचा गड्डा खानावळवाला घेतो, बाकी कुणी हात लावत नाही. कोकणात आणि गोव्याला जाणारा माल तर एकसारखाच लागतो. दर पडला की जास्तीचे दोन टन तोडणी-भाड्यालाही पुरत नाहीत. ह्यूमिकनं सगळे गड्डे एकाच वेळी तोडायला आले, दोन तोड्यांत रान मोकळं झालं, असं कुणी दाखवलं तर त्याचा पैसा होतो. ते मोजा.

माळवंवाला, शिरोळ

काल संध्याकाळी लिंबाची चाचणी केली, ते सांगायला आलोय.

यंदाचा पुडा दुकानातला, बिलासह. आणि आधीच्या दोन वर्षांचा माल एका फिरत्या विक्रेत्याकडनं घेतलेला, त्याचं अर्धं कॅन शेडमध्ये पडून होतं. दोन ग्लास ओट्यावर ठेवले, चार लिंबं पिळली. पहिल्या ग्लासात दहा मिनिटांत पाणी दाणेदार दिसायला लागलं, तासाभरात बोटभर काळा गाळ खाली आणि वर फिकट तपकिरी पाणी. दुसरा ग्लास जसाच्या तसा काळा. रात्रभर ठेवला. सकाळी उजेडासमोर धरला तरी पलीकडचं दिसत नव्हतं, गाळाचा एक कण खाली नाही.

म्हणजे ज्या दोन वर्षांच्या गड्ड्यांवर मी गावभर ह्यूमिकचं कौतुक केलं, त्या दोन वर्षांत रानात बहुतेक ह्यूमिक गेलंच नव्हतं. त्या वर्षांचं चांगलं पीक शेणखताचं आणि हवामानाचं. माझ्या सांगण्यावरनं शेजारच्या दोघांनी तेच कॅन घेतलं होतं. आज त्यांच्या घरी जाऊन हे सांगून आलो.

यंदाची मुळी मात्र मी हातात धरून बघितली आहे, ती मला खोटी म्हणता येत नाही.

उकिरडा, करवीर

शेजाऱ्यांना जाऊन सांगितलंत, हे फार चांगलं केलंत. माझं मत मात्र तिथंच आहे, उलट घट्ट झालं. तुमच्या रानात यंदाही पाच ट्रॉल्या खत होतं. ज्याच्या रानात शेणखत पडत नाही त्यानं नुसतं ह्यूमिक सोडलं तर काय होतं, ते इथं कुणीच दाखवलेलं नाही. आणि डबा घेणारे बहुतेक तेच आहेत.

कृषी पदवीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

आबांचा मुद्दा बरोबर आहे आणि तो तपासता येतो. चार प्रकारचे तुकडे लागतील: नुसतं शेणखत, नुसतं ह्यूमिक, दोन्ही, आणि दोन्ही नाही. प्रत्येक तुकडा रानात तीन ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवायच्या. एक गुंठ्याचा तुकडा धरला तर बारा गुंठे पुरतात. माझा अंदाज असा की शेणखत असेल तिथं ह्यूमिकचा फरक थोडा दिसेल आणि नसेल तिथं फारसा दिसणार नाही. पण हा अंदाजच आहे.

लाल रान, राधानगरी

मला उलट वाटतं. जिथं कर्ब कमी तिथंच फरक जास्त दिसायला हवा, भरल्या पोटी जेवण लागत नाही तसं. सामू ठीक असलेलं रान निवडा म्हणजे झालं.

माळवंवाला, शिरोळ

बारा गुंठे मी देतो. वरच्या अंगाला, जुन्या पाटापासून लांब. तीन वर्षं तिथं नुसता ऊस होता, शेणखत पडलेलं नाही. खोडवा गेला की नांगरून ठेवतो. आबा, चिठ्ठ्या तुम्ही काढायच्या आणि तोडणीच्या दिवशी काट्याजवळ तुम्हीच बसायचं. गाडी पाठवतो. अडत्या भाऊ म्हणतात तसं पहिल्या तोड्यात किती गड्डे आले तेही प्रत्येक तुकड्याचं वेगळं लिहू.

उकिरडा, करवीर

येतो. गाडी नको, एसटीनं येईन. शेणखत वर्षभर कुजलेलं घ्या, ओलं टाकाल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) लागंल आणि दोष खताला जाईल.