मदत हवी आहे: मशीनमध्ये पूर्ण वाढलेली पिल्लं अंड्यातच मरतायत, खुडूक कोंबडीखाली मात्र १२ पैकी ११ निघाली

नमस्कार मंडळी. सोलापूरहून लिहितेय, अक्कलकोट रोडला घर आहे, मागं मोकळी जागा होती तिथं जाळी मारून दोन वर्षं झाली कोंबड्या पाळतेय. धंदा नाही, हौस आहे, त्यामुळं फार्मवाल्यांनी हसू नका. सध्या ९ कडकनाथ तलंगा (तरुण कोंबड्या), १ कडकनाथ कोंबडा आणि आत्यांच्या (सासूबाईंच्या) ४ गावरान कोंबड्या.

कडकनाथची अडचण माहितीच असेल, अंडी घालतात पण खुडूक (अंडी उबवायला) फारशा बसत नाहीत. म्हणून मार्चमध्ये ऑनलाइन ४८ अंड्यांचं उबवणीचं मशीन घेतलं. थर्माकोलचा डबा, दोन बल्ब, कंट्रोलर, अंडी आपोआप फिरवणारा ट्रे, फॅन नाही. एप्रिलमध्ये ४० अंडी लावली. ७ व्या दिवशी टॉर्चवर बघितली तर ५ कोरी (बीज न धरलेली), २ मध्ये नुसतं रक्ताचं कडं. १८ व्या दिवसापर्यंत अजून ३ गेली. राहिली ३०. मी खूश, म्हणलं २५ तरी निघतील.

निघाली ८. ती पण २२ व्या दिवशी. सहा पिल्लांनी टोच मारून भोक पाडलं आणि तिथंच थांबली, आत चिवचिव ऐकू येत होती ओ, मी दर तासाला झाकण उघडून बघत होते, एकाला नखानं टरफल काढून मदत करायला गेले तर रक्त आलं आणि ते पण गेलं. बाकीची फोडून बघितली तर पिल्लू पूर्ण तयार, बलक पोटात ओढलेला, पण आतला पापुद्रा कागदासारखा वाळून अंगाला चिकटलेला.

आता खरी गंमत. त्याच कडकनाथची १२ अंडी आत्यांनी त्यांच्या खुडूक झालेल्या तांबड्या कोंबडीखाली ठेवली होती, डालग्यात गवत घालून, कोपऱ्यात. ११ निघाली. तांबडी आई आणि मागं काळीकुट्ट पोरं, गल्लीतली लहान मुलं रोज बघायला येतात. आत्या काही बोलत नाहीत, नुसत्या मशीनकडं बघतात.

मशीनमध्ये टेंपरेचर ३७.५ आणि ह्युमिडिटी शेवटी ६०-६२ दाखवत होती, पुस्तकी आकडेच की! विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे तुमची अंडी खराब, कोंबडा बदला. खरंच कोंबड्याचा दोष आहे का?

बार्शीचा_गडी: ताई, कोंबड्याला काय बोलू नका, त्याची साक्ष तुमच्या आत्यांची कोंबडीच देतीय. त्याच कोंबड्याची १२ पैकी ११ निघाली म्हणजे बीज चांगलं. ४० मध्ये ५ कोरी हे पण वाईट नाही. दोष डब्यात. दोन प्रश्न: सेन्सर कुठं लटकवलाय? आणि लावायच्या आधी अंडी किती दिवस, कुठं ठेवली होती?

धागाकर्ती: सेन्सर झाकणाच्या आतल्या बाजूला आहे, कंपनीनं तसाच दिलाय. अंडी १०-११ दिवस साठवली, स्वयंपाकघरात फ्रिजवर. (फ्रिजमध्ये नाही, वर!)

बार्शीचा_गडी: झालं मग. फॅन नसलेल्या डब्यात गरम हवा वर जाते. झाकणापाशी ३७.५ म्हणजे खाली अंड्यापाशी ३६ च्या आसपास असणार, म्हणूनच २२ व्या दिवशी निघाली. ३७.५ हा आकडा फॅनवाल्या मशीनचा. बिनफॅनच्या डब्यात अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.९ पाहिजे. सेन्सर खाली आणा, आणि घरातला ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर शेजारी ठेवून पडताळा, याच रेंजमध्ये तो बरोबर चालतो.

फ्रिजवरचं तर विचारूच नका. सोलापूरचा एप्रिल, बाहेर ४१-४२, त्यात फ्रिजची मागची गरम हवा. अंडं जास्त गरम राहिलं की आतला जीव अर्धवट चालू होतो आणि अशक्त राहतो. जुना माठ घ्या, ओल्या वाळूत अर्धा बुडवा, आत कोरडं कापड टाकून अंडी बारीक टोक खाली करून ठेवा. ७ दिवसांच्या वर नाही. आणि अंडी धुवू नका.

मोहोळ_गावरान: मला तर ह्युमिडिटीचा खेळ वाटतोय. वाळलेला पापुद्रा म्हणजे शेवटचे तीन दिवस कोरडे गेले. तुमचा मीटर खोटं बोलतोय का बघा: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थोडं पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, मीटरसकट झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवलं पाहिजे.

आणि दर तासाला झाकण?? उन्हाळ्यातली कोरडी हवा आत गेली की पाच मिनिटात सगळी वाफ गायब. टोच मारल्यावर बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात, तेवढ्या वेळात पिल्लू उरलेलं रक्त आणि बलक आत ओढून घेतं, म्हणून घाई केली की रक्त येतं. निघालेलं पिल्लू दोन दिवस दाण्याशिवाय राहतं, वाळेपर्यंत आतच राहू द्या. हात पाठीमागं बांधून बसा.

धागाकर्ती: मीठ टेस्ट केली. मीटर ८८ दाखवतोय!! म्हणजे १३ नी जास्त. मी ६० म्हणून खूश होते तेव्हा आत ४७ च होतं. अंड्यापाशी तापाचा थर्मामीटर ठेवला तर ३६.२. डोक्याला हात लावून बसलेय.

मोहोळ_गावरान: हे बरं झालं, दोष सापडला. आता पहिले १८ दिवस खरे ४५-५० ठेवा, नंतर अंडी फिरवणं बंद आणि खरे ६५-७०. पाण्याची खोली वाढवून काही होत नाही, पाण्याचं तोंड मोठं पाहिजे, पसरट ट्रेमध्ये स्पंज टाका आणि कोमट पाणी ओता. आकड्यावर विश्वास नसेल तर वजन करा, १८ दिवसात अंडं १२ टक्क्यांच्या आसपास हलकं होतं, ४५ ग्रॅमचं असेल तर ४० च्या जवळ यायला हवं.

होटगी_रोडवाला: थोडं विषयांतर, पण क्वालिटी पाहिजे असेल तर आखाड सांभाळा. आपल्याकडं आखाडात सगळ्यात भारी कोंबडा कापला जातो आणि उरलेला बारका पुढच्या वर्षीचा बाप होतो, दरवर्षी हेच चालतं आणि मग म्हणायचं जात बिघडली. चांगला आधीच बाजूला काढा. ८-१० कोंबड्यांना एक कोंबडा पुरे, आणि त्याच्याच पोरींना तोच नको, दुसरीकडून आणा. कडकनाथ घेताना चोच उघडून जीभ पण काळी आहे का बघा, नुसती पिसं काळी असून चालत नाही. मूळ झाबुआचं पाखरू, २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून काळी दिसेल ती कडकनाथ म्हणून विकतात.

धागाकर्ती (अपडेट): सगळं ऐकलं. यावेळी २४ च लावली, ५ दिवसाच्या आतली, माठातली. सेन्सर अंड्यांच्या पातळीला, ३८.५. मध्ये एकदा दीड तास लाईट गेली, झाकण न उघडता डब्यावर दोन चादरी टाकल्या. १८ व्या दिवसानंतर झाकणाला चिकटपट्टी मारली आणि चावी आत्यांकडं दिल्यासारखं मशीन त्यांच्या खोलीत ठेवलं.

२० व्या दिवशी रात्री पहिली टोच, २१ संपेपर्यंत १७ बाहेर. २ कोरी होती, १ मधेच गेलं, ४ अंड्यात मेली. आत्या म्हणाल्या, "बरं आहे, पण तांबडीला लाईट लागत नाही."

आता पुढचा प्रश्न. मानमोडी रोगाची लासोटा लस पिल्लांना ७ व्या दिवशी डोळ्यात टाकायची आहे, पण कुपी १०० डोसची आणि मिसळली की तासा-दोन तासात संपवायला लागते. माझी तर १७ च. सोलापुरात कुणाकडं याच वयाची पिल्लं आहेत का? येत्या रविवारी सकाळी बर्फाच्या डब्यात घेऊन येते, पैसे नकोत.