मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी आणि खुब्याचं ऑपरेशन: भूल कोणती, प्रेसर (बीपी चढवणारं औषध) कोणतं?

निवासी_परळ
रुग्णाचं वय ६४, मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी (मेंदूचा आजार, ज्यात बीपी, घाम वगैरेंवरचं आपोआप चालणारं नियंत्रण बिघडतं). चक्कर येऊन पडले, खुब्याचं हाड मोडलं. हेमीआर्थ्रोप्लास्टी (खुब्याच्या सांध्याचा गोळा बदलणं) ठरली आहे. जुन्या ओपीडी पेपरवर आडवं असताना बीपी १७६/९६, उभं राहून तीन मिनिटांनी ८८/५०, नाडी ७२ वरून फक्त ७६. मिडोड्रिन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन (दोन्ही उभं राहिल्यावर बीपी टिकवायला), लेव्होडोपा (हालचालींसाठी) चालू. स्पायनल (पाठीतून, कमरेखालची भूल) द्यावं की जनरल (पूर्ण भूल)? बीपी पडलं तर द्यायला ट्रॉलीवर मेफेन्टरमाइन आहे, चालेल?

भूलतज्ज्ञ_शीव
मेफेन्टरमाइन नको. ते बरंचसं मज्जातंतूंच्या टोकांतलं नॉरॲड्रेनालिन बाहेर काढून काम करतं, आणि इथे बॅरोरिफ्लेक्सच (बीपी आपोआप सावरणारी यंत्रणा) निकामी असल्याने बीपी किती चढेल याचा अंदाज नाही. प्युअर ऑटोनॉमिक फेल्युअर या मिळत्याजुळत्या आजारात उलट नॉरॲड्रेनालिनचा साठाच नसतो, औषध लागू पडत नाही.

त्याऐवजी फिनाइलएफ्रिन (थेट रक्तवाहिन्या आकुंचवणारं प्रेसर) वापरा. त्याचा १० मिलिग्रॅमचा अँप्युल १०० मिलि सलाइनमध्ये घाला, त्यातलं १ मिलि घेऊन १० मिलि करा. म्हणजे मिलिला १० मायक्रोग्रॅम. एका वेळी १० ते २० मायक्रोग्रॅम द्या, मिनिटभर थांबून बघा. पहिलं दाट मिश्रण टेबलावरून उचलून ठेवा. नेहमीचा १०० मायक्रोग्रॅमचा बोलस (एकदम दिलेला डोस) इथे जीवावर बेतू शकतो. आर्टिरिअल लाइन (बीपी सतत दाखवणारी धमनीतली नळी) भुलेआधीच.

आडवं असताना चढलेल्या बीपीला लॅबेटालॉल (बीपी उतरवणारं औषध) देऊ नका. डोक्याकडची बाजू १५ अंश वर करा, काही मिनिटांत उतरतं.

मी कम्बाइन्ड स्पायनल-एपिड्युरल (स्पायनलसोबत पाठीत बारीक नळी, जिच्यातून भूल वाढवता येते) निवडेन: हेवी बुपिव्हाकेन (बधिर करणारं औषध) १ ते १.५ मिलि, कमी पडलं तर एपिड्युरलमधून ३-३ मिलि. फॅशिया इलियाका ब्लॉक (जांघेतून खुब्याच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन) आधी द्या आणि सुई कुशीवर झोपवूनच घाला. बसवलंत तर तिथेच बीपी कोसळेल.

मुलुंड_ओटी
सरांशी सहमत. पण घरच्यांना आजच विचारा: झोपेत श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतो का? येत असेल तर स्वरतंतू उघडत नसण्याची शक्यता धरा, ईएनटीकडून फ्लेक्सिबल स्कोपी (नाकातून दुर्बीण घालून स्वरतंतू बघणं) करून घ्या. या रुग्णांचा घात अनेकदा जनरलनंतर श्वासाची ट्यूब काढल्यावर होतो. स्पायनलसोबत मिडाझोलाम (गुंगीचं औषध) टाळा.

पोटॅशियम तपासा, फ्लुड्रोकॉर्टिसोनने घसरतं. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, मेटोक्लोप्रामाइड (डोपामिन अडवणारं उलटीचं औषध) अजिबात नको. लेव्होडोपा चुकवू नका.

निवासी_परळ
धन्यवाद सर, मॅडम. कृत्रिम सांधा बसवायला हाडात सिमेंट वापरायचं का? आणि मिडोड्रिन चालू ठेवायचं का?

मुलुंड_ओटी
सिमेंट भरताना बीपी पडतं आणि इथे शरीर ते सावरत नाही. सर्जनशी आधीच बोला. वापरायचंच असेल तर कॅनाल (हाडातली पोकळी) नीट धुवायला सांगा, भरण्याआधी तुम्हाला आवाज द्यायला सांगा.

आडवे आहेत तोवर मिडोड्रिन थांबवा, फिजिओ उभं करणार त्याच्या तासभर आधी सुरू करा. वॉर्डात पलंगाचं डोकं ३० अंश वर ठेवा आणि तसं केसपेपरवर लिहा, नाहीतर रात्रपाळीत सपाट होतो. घाम येत नसल्याने मुंबईच्या उकाड्यात, पंख्याखाली नुसत्या हवेनेही अंग तापतं. तो जंतुसंसर्गाचा ताप समजून अँटिबायोटिक बदलण्याआधी ओल्या फडक्याने पुसून, एसी खोलीत हलवून बघा.