पुस्तक ‘लागतं’, की आपण त्यात ‘शिरतो’?

पानखूण
अडले आहे, मदत हवी. दहा खंडांच्या एका फँटसी मालिकेवर लेख लिहिते आहे. नव्या वाचकानं तिला कुठून भिडावं, कुठे धीर धरावा, काय कळलं नाही तरी चालेल, असा. पहिलं वाक्य होतं, ‘ही मालिका लागायला एक खंड पुरत नाही.’ लेख तपासणाऱ्या मैत्रिणीनं ‘लागायला’खाली लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, ‘मालिका रात्री साडेआठला लागते.’

हसले, पण तो शब्द सोडवेना. सुरुवातीला सगळं परकं असतं. नावं तोंडात बसत नाहीत, कोण कुणाच्या बाजूचा ते कळत नाही. आणि मग कुठल्याशा पानावर एकदम सगळं ओळखीचं होतं. त्याला काय म्हणायचं? ‘मालिकेत शिरताना’ करून पाहिलं, घरफोडी वाटली. ‘प्रवेश’ म्हटलं की अर्ज भरावासा वाटतो.

तिरपागडा
चोर शिरतो, साप शिरतो, घरात पुराचं पाणी शिरतं, अंगात वारं शिरतं. चांगलं काही शिरल्याचं ऐकिवात नाही.

उंबरठा
डोक्यात शिरतं की!

तिरपागडा
ते बहुतेक वेळा ‘शिरत नाही’ असंच ऐकलंय.

कोशकीटक
‘चंचुप्रवेश’ असा तयार शब्द पडून आहे. चोच आत, पक्षी बाहेर. असल्या मालिकांच्या पहिल्या दोनशे पानांत वाचकाची अवस्था हीच असते.

पानखूण
झकास आहे, एका उपशीर्षकाला वापरते. पण मला त्या पुढचं हवंय. चोचीमागून पक्षी आत जातो ते.

जुनी वही
मैत्रिणीनं उगीच खोडलं. ‘लागणे’ हा या कामाचा जुना शब्द आहे. माझे आजोबा संस्कृत शिकवायचे. श्लोक पुढे टाकला की प्रश्न एकच, “लागला का?” पाठ झाला का, असं नव्हे. अन्वय लागला का. कर्ता पहिल्या ओळीत, त्याचं क्रियापद चौथ्या ओळीत दडलेलं, मधे विशेषणांची रांग. मी पाटीवर शब्दांवर आकडे घालत बसे. चौथ्या ओळीतलं ते क्रियापद सापडलं की सगळे आकडे आपोआप पडायचे. आजोबा मान वर न करता म्हणायचे, “लागला वाटतं.” माझ्या चेहऱ्यावरून कळत असावं.
तुम्ही सांगता ते हेच आहे. श्लोकाच्या जागी सातशे पानं, एवढंच.

अर्धविराम
मालिका कुठली ते आधी सांगा. उत्तर त्यावर आहे. दहा खंड म्हणजे मलाझान?

पानखूण
तीच.

अर्धविराम
मग ‘लागणे’ नाही, ‘लावणे’. भूक लागते, ठेच लागते, डुलकी लागते, त्यात आपलं कर्तृत्व शून्य. ‘मी लावलं’ म्हटलं की घाम आला.
फँटसीत दोन्ही प्रकार आहेत. एका प्रकारात गावातलं पोरगं गाव सोडून निघतं, त्याला जगाबद्दल काही ठाऊक नसतं, जो तो त्याला समजावून सांगतो आणि त्याच्या कानांनी आपण ऐकतो. ते पुस्तक लागतं. मलाझानचं जग दोघा मित्रांनी १९८२ साली आपसात खेळायच्या भूमिका-खेळासाठी रचलं, म्हणजे एकेकानं पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायची, त्या खेळासाठी. दोघेही पुरातत्त्वाचे अभ्यासक. पहिला खंड छापून आला १९९९ साली. म्हणजे सतरा वर्षं ते घर वापरात होतं. राहणाऱ्याला फडताळ अंधारातही सापडतं, म्हणून तो दिवा लावत नाही. आपण पाहुणे, आपण ठेचकाळतो. जादू जिथून ओढतात त्या वाटांना ‘वॉरन’ म्हणतात. ते नेमकं काय, हे पात्रं एकमेकांना कशाला सांगतील? त्यांना माहीतच आहे.
बरं, एकदा लावलं म्हणून सुटका नाही. दुसरा खंड वेगळ्याच भूखंडावर, चार ओळखीचे चेहरे सोडले तर माणसं नवी. तिसऱ्यात परत पहिल्या ठिकाणी. पाचव्यात पुन्हा कोरी पाटी. आजोबांचा प्रश्न दर खंडाला.

कोशकीटक
व्याकरण मान्य. पण ‘पुस्तक लावणे’चे अर्थ आधीच वाटले गेलेत. एक, कपाटात लावणे. दोन, अभ्यासक्रमाला लावणे.

तिरपागडा
कॉलेजात आम्हाला एक कादंबरी लावली होती. मी ती कपाटात लावली. अजून लागलेली नाही.

पानखूण
हे लेखात घालू का? 😄

कोशकीटक
गंमत पुरे. दोष ‘लागणे’चा नाही, ‘मालिके’चा आहे. माला, मालिका म्हणजे ओवलेलं काहीतरी. टीव्हीनं शब्द पळवला आणि आपण हातावर हात धरून बसलो. ‘ग्रंथमाला’ लिहा, ती साडेआठला लागत नाही. आणि ‘खंड’ही टाका. खंड म्हणजे तोडलेला तुकडा. ‘खंड पडला’ आपण कशाला म्हणतो? त्यापेक्षा ‘पर्व’. पर्व म्हणजे मुळात पेर, बांबूचं असतं तसं. सांधा दिसतो आणि वाढ पुढे चालू राहते. अठरा पर्वांचं एक उदाहरण डोळ्यांपुढे असताना आपण तुकडे का मोजतोय?

अर्धविराम
पर्वही टीव्हीनं नेलंय. ‘नवं पर्व, लवकरच.’

कोशकीटक
म्हणून भाषा सोडून द्यायची?

अर्धविराम
सोडा कोण म्हणतंय? ‘ग्रंथमाला’ म्हटलं की मला एकाच प्रकाशकाची, एकाच रंगाच्या बांधणीची, वेगवेगळ्या विषयांवरची पुस्तकं दिसतात. इथे दहा पुस्तकांत कथा एकच आहे. वाचणारे ‘मालिका’ म्हणतात, लिहिणाऱ्यानंही म्हणावं. साडेआठच्या विनोदानं कुणाचा गोंधळ होत नाही.

उंबरठा
‘खंड’वर माझं दुखणं वेगळंच आहे. मी भाषांतर करतो. टॉल्किननं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही आपली कादंबरी एकसंध लिहिली, ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली, आणि त्या तीन खंडांच्या पोटात सहा ‘बुक’ आहेत. असला प्रकार हाताशी आला की काय लिहाल? ‘पहिल्या पुस्तकातलं दुसरं पुस्तक’? मी ‘भाग’ केलं होतं, पण मग वाचक कुठल्याही खंडालाच भाग म्हणतात. ‘तुम्ही कितव्या भागावर आहात?’

जुनी वही
आपल्याकडे या मापांचं दुकानच आहे. रामायणाला कांडं, भागवताला स्कंध, कथासरित्सागराला अठरा लंबक आणि त्यांच्या आत एकशे चोवीस तरंग. वरचं एक माप, आतलं एक. खंड आणि त्यात स्कंध, असं करून बघा.

उंबरठा
स्कंध! म्हणजे खांदा, झाडाची जाड फांदी. बुंधा एक आणि स्कंध सहा. हे चालेल. संपादक ‘जड’ म्हणतील, पण चालेल.

अर्धविराम
पंधरा वर्षांचा मुलगा ड्रॅगन बघून पुस्तक उघडतो आणि पहिल्याच पानावर ‘प्रथम स्कंध’. तो सोवळं शोधायला लागेल.

कोशकीटक
तो मुलगा पुस्तकातले तीनशे बनावट शब्द पाठ करतो, त्यांच्या वंशावळी करतो. ‘स्कंध’नं त्याचं काय बिघडतं?

अर्धविराम
हा मुद्दा मात्र तुमचा.

कोशकीटक
आता मूळ दुखण्याकडे येतो. शीर्षकात ‘फँटसी’ का? ‘अद्भुतिका’ आहे, ‘अद्भुतरम्य’ आहे, ‘कल्पनारम्य’ आहे.

उंबरठा
‘रम्य’ला माझी हरकत. मलाझानमध्ये रम्य काय आहे? पानापानावर प्रेतं. ‘अद्भुतिका’ ऐकलं की चिमुकलं, गोंडस काही वाटतं, ते ‘इका’मुळे. नाटिका, पुस्तिका, अद्भुतिका. दहा खंडांना ‘इका’ लावायची?

तिरपागडा
महाअद्भुतिका. मोठी छोटी.

कोशकीटक
मग खरं सांगू? वेगळा शब्दच नको. ‘कादंबरी’ पुरे. हे एका पुस्तकाचं नाव, सातव्या शतकातलं, बाणभट्टाचं. त्यात काय आहे? राजाच्या दरबारात पोपट गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत ऋषी गोष्ट सांगतो. त्या गोष्टीतली माणसं आणखी गोष्टी सांगतात. शाप आहेत, पुनर्जन्म आहेत, गंधर्व आहेत. आणि पुरं करण्याआधी बाण गेला, पुढचं त्याच्या मुलानं लिहिलं. आता ‘व्हील ऑफ टाइम’ ही फँटसी मालिका बघा. १९९०ला सुरू, २००७ला लेखक गेला, शेवटचे तीन खंड दुसऱ्यानं लिहिले आणि चौदावा २०१३ला आला. म्हणजे आपण या लेखनप्रकाराला जे नाव दिलं, ते मुळातच अर्धवट राहिलेल्या, दुसऱ्यानं पुऱ्या केलेल्या अद्भुत गोष्टीचं आहे. वेगळा शब्द हवा असेल तर बिनअद्भुताच्या कादंबरीला शोधा.

जुनी वही
वा! हे आवडलं.

अर्धविराम
मलाही आवडलं आणि पटलं मात्र अजिबात नाही. शब्द कुठून निघाला याला महत्त्व आहे, पण तो कुठे पोचला यालाही आहे. आज कुणाला ‘कादंबरी वाचतोय’ म्हटलं तर तो गंधर्व गृहीत धरत नाही.

पानखूण
मंडळी, मी शीर्षकात अडले आहे. ‘लागणे’, ‘लावणे’, ‘शिरणे’…

उंबरठा
‘रुळणे’ घ्या. ‘मालिकेत रुळताना’. नवा माणूस कचेरीत रुळतो, नवा शब्द भाषेत रुळतो. सावकाश होतं आणि केव्हा झालं ते सांगता येत नाही.

पानखूण
हे जवळचं आहे! माझंही तसंच झालं. पहिल्या खंडात दोन खुणा ठेवून वाचत होते, एक चालू पानाला, एक पुढच्या पात्रयादीला. शब्दार्थांची यादी मागे, तिथे बोट. दर अर्ध्या पानाला उलटापालट. मग एका रात्री लक्षात आलं, यादीतली खूण तीन दिवस हललेली नाही. कुठल्या पानावर हे झालं? माहीत नाही.

जुनी वही
मग तो ‘लागला’चा क्षण नव्हे. आमचा श्लोक टक्कन लागायचा. आधी तुम्हीही ‘एकदम’ म्हणाला होतात.

पानखूण
म्हटलं होतं खरं. आठवून बघितलं तर एकदम काही झालं नव्हतं, एकदम *कळलं* होतं.

तिरपागडा
रुळणे म्हणजे रुळावर येणे. म्हणजे रेल्वेनंतरचा शब्द.

कोशकीटक
काहीही! केस खांद्यावर रुळतात, गळ्यात माळ रुळते. त्या काय आगगाडीची वाट बघत होत्या? दोन्ही शब्द कानाला सारखे, एवढ्यावर नातं जोडू नका.

तिरपागडा
मग केसांचं रुळणं आणि कचेरीतलं रुळणं, हे दोन्ही एकच, हे तुम्ही तरी कशावरून जोडलंत?

कोशकीटक
लोंबत राहून राहून अंगवळणी पडणे. माझा तर्क आहे, कोशाचा दाखला नाही.

तिरपागडा
माझाही तर्कच होता.

अर्धविराम
पानखूण, शीर्षकापेक्षा एक सांगतो, लेखात जरूर घाला. ‘पूर्वकथा’ हा शब्द नव्या वाचकाला फसवतो. नावात ‘पूर्व’ म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. व्हील ऑफ टाइमची पूर्वकथा पुस्तकरूपानं २००४ला आली, दहा खंड निघून गेल्यावर. दहा खंड वाचलेल्याला कशाचं नवल वाटेल, हे धरून ती लिहिलेली असते. प्रकाशनक्रमानंच वाचा, कालक्रमानं नको, हे ठळक करा.

उंबरठा
‘पश्चातपूर्वकथा’ म्हणावं का?

अर्धविराम
नको, मालक.

पानखूण
हे घालते, धन्यवाद. शब्दार्थांची यादी आधी पाठ करू नका, असंही लिहिलंय. यादीतले अर्थ नुसते वाचून काही बसत नाही, प्रसंग घडून गेल्यावर तीच ओळ वाचली की बसते. आणि ऐकीव पुस्तकानं, म्हणजे ऑडिओबुकनं, सुरुवात नको, कारण नकाशा डोळ्यांपुढे नसतो आणि मागे उलटता येत नाही.

जुनी वही
ऐकीवबद्दल असहमत. माझी नजर आता बारीक अक्षराला टिकत नाही, मी ऐकूनच वाचतो. नावांचे उच्चार निदान कुणीतरी करून देतं. छापील पुस्तकात नावाच्या मधोमध तो वरचा स्वल्पविराम आला की मी अडखळायचो. त्याला काय म्हणतात मराठीत?

कोशकीटक
लोपचिन्ह. देवनागरीत अवग्रह वापरावा.

उंबरठा
अवग्रह मराठी वाचक लांबवून वाचतो. ‘काऽऽय’सारखा. भयानक राक्षसाचं नाव लाडात हाक मारल्यासारखं होईल.

अर्धविराम
पानखूण, दुसऱ्या खंडात कुठवर आलात? त्या वाळवंटातल्या कूचच्या शेवटी जे होतं ना, तिथे मी पुस्तक मिटून

पानखूण
पुढे एक अक्षर नको! अजून अर्ध्यात आहे. रसभंग करू नका.

कोशकीटक
रसभंग नव्हे, रहस्यभेद. रस तर दुसऱ्या वाचनातही टिकतो.

जुनी वही
माझा नाही टिकत. रसभंगच.