हॉलला पॅनल, कोव्ह, स्पॉट आणि झुंबर सगळंच लावायचंय. गणित कसं बसवायचं?

विश्रामबाग_रोहाऊस:
सांगलीत घराचं काम चालू आहे. हॉल १२ बाय १६, स्लॅब १० फुटांवर, मधोमध ४८ इंची पंखा. लागूनच उघडं किचन, ओटा ८ फुटी, मध्ये डायनिंग टेबल. पीओपीवाला पुढच्या आठवड्यात येतोय. वायरमनचं म्हणणं: १२ वॉटची १२ पांढरी पॅनल, चारी बाजूंनी कोव्हला (छताच्या कडेची खाच) एलईडीची स्ट्रिप, टीव्हीच्या भिंतीवर स्पॉट, टेबलावर झुंबर. घरच्यांना पिवळा उजेड पाहिजे, वडिलांना पेपर वाचायला पांढरा. थ्री-इन-वन पॅनल घेतली तर भांडण मिटेल का?

उजेड_हिशोब:
भांडण मिटणार नाही, वाढेल. थ्री-इन-वन पॅनलचा रंग बटण बंद-चालू केलं की बदलतो. लाईट क्षणभर जाऊन आली किंवा इन्व्हर्टरवर गेली, तरी पॅनलला ते बटण दाबल्यासारखंच वाटतं. सगळी एकदम बदलत नाहीत. दोन पिवळी, चार पांढरी असा खेळ होतो. एकच रंग ठरवा आणि सगळा माल एकाच कंपनीचा, एकाच वेळी घ्या. दोन कंपन्यांचं ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप: ३००० पिवळसर, ४००० पांढरट) शेजारी शेजारी लावलं तर फरक दिसतो.

आता संख्या. हॉल १९२ चौरस फूट, म्हणजे जवळपास १८ चौरस मीटर. बसायच्या खोलीला सर्वसाधारण उजेड १५० लक्स धरा (ल्युमेन हे दिव्याच्या उजेडाचं माप, लक्स म्हणजे दर चौरस मीटरला पोचणारे ल्युमेन), म्हणजे जमिनीपर्यंत २७०० ल्युमेन पोचायला हवेत. भिंती-फर्निचर खातं ते धरून दिव्यांचे मिळून ४००० ते ४५०० लागतात. वॉटला ९० ल्युमेन धरले तर ८ वॉटची ६ पॅनल पुरे. तुमच्या वायरमनचे १४४ वॉट म्हणजे १३००० च्या आसपास; दवाखान्याचा वेटिंग हॉल होईल.

मांडणी दोन रांगांत तीन-तीन: १२ फुटांच्या बाजूला भिंतीपासून ३ फूट, १६ फुटांच्या बाजूला २ फूट ८ इंच, मधलं अंतर ५ फूट ४ इंच. मधली जोडी पंख्याच्या पात्याच्या टोकापासून फूटभरच लांब येते. पातं छतापासून फूटभर खाली असेल तर १२० अंशांत पसरणाऱ्या पॅनलचा तिरपा उजेड पाती कापतात आणि भिंतीवर सावल्या लपलप करतात. म्हणून त्या दोन ठिकाणी खोल बसणारे ६० अंशांचे सीओबी (अरुंद झोताचे एलईडी दिवे) घ्या, त्यांचा झोत पात्यापर्यंत जात नाही.

मिरज_वायरिंग:
वरचा हिशोब बरोबर आहे. कोव्हमध्ये जास्त घोळ होतो, म्हणून ते सविस्तर लिहितो.

घेर ५६ फूट, म्हणजे १७ मीटर. १२ व्होल्टची स्ट्रिप एका टोकाला जोडून सगळीकडे फिरवली की शेवटचं टोक मंद पडतं, कारण पातळ तांब्यात व्होल्टेज गळतं. २४ व्होल्टची, मीटरला ५ वॉटची घ्या. दोन भाग करा, साडेआठ-साडेआठ मीटरचे, आणि प्रत्येकाला मधोमध सप्लाय द्या. मग कुठल्याही दिशेला सव्वाचार मीटरच जावं लागतं. एका भागाला ४२.५ वॉट, त्याला ६० वॉटचा ड्रायव्हर (स्ट्रिपला २४ व्होल्ट देणारा डबा). ४५ चा बसवला तर तापून लवकर जातो. ड्रायव्हर पीओपीत गाडू नका, झाकण ठेवा. नाहीतर दुरुस्तीला छत फोडावं लागतं, आणि बहुतेक वेळा जळालेला असतो तो ड्रायव्हरच, स्ट्रिप नाही.

कोव्हच्या काठापासून स्लॅबपर्यंत किमान ५ इंच मोकळे सोडा. कमी ठेवलं तर छतावर उजेडाचा ठसठशीत पट्टा उमटतो, पसरत नाही, शिवाय हातही आत जात नाही. वरचा रंग मॅट. ग्लॉसी रंगात स्ट्रिपवरचे एलईडीचे दाणे मोजता येतात.

पीओपीच्या आधी वायर ओढून घ्या: चार कोपऱ्यांची पॅनल, मधले सीओबी, कोव्ह, स्पॉट, झुंबर, पाचही वेगळ्या बटणांवर. सगळं एका बटणावर घेतलं की एवढ्या प्रकारांचा खर्च वाया. बटण फेजवरच हवं. न्यूट्रलवर आलं, किंवा बटणात इंडिकेटर असला, की एलईडी बंद करूनही मिणमिणते. वायरमन "एलईडी असंच असतं" म्हणतात, ते खरं नाही. मंद करायचं असेल तर ड्रायव्हरच डिमेबल घ्यावा लागतो. पंख्याचा रेग्युलेटर त्या कामाचा नाही.

झुंबराचा हूक स्लॅबला, पीओपीला नको.

ओटा_आणि_देवघर:
रंगाबद्दल वेगळं मत. हॉलला ३००० ठीक, पण ओट्यावर ४००० घ्या आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या पुढचा. पिवळ्या उजेडात तूरडाळीतला खडा आणि अळी नजरेतून सुटते. उघडं किचन असलं तरी रंगांची सीमा टेबलावर धरता येते. टेबलाचं झुंबर मात्र ३००० चंच.

ओट्याची स्ट्रिप कपाटाच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने. मागे टाइल्सजवळ लावली तर भिंत उजळते आणि चिरायची जागा अंधारातच राहते. मीटरला १० वॉट, तुमच्या ओट्याला साधारण २४ वॉट, ड्रायव्हर ३६ चा, गॅसच्या वाफेपासून दूर. काळ्या ग्रॅनाइटमध्ये दाण्यांचं प्रतिबिंब दिसतं, म्हणून दुधी झाकणाचं ॲल्युमिनियम प्रोफाइल लागतंच. टेबलावरच्या झुंबराचं खालचं टोक टेबलाच्या पृष्ठभागापासून ३० ते ३४ इंचांवर.

वडिलांसाठी अख्खा हॉल पांढरा कशाला? खुर्चीच्या खांद्यामागे ४००० चा एक उभा दिवा, ८०० ल्युमेनचा. वयाने डोळ्यांना जास्त उजेड लागतो, पण तो पेपरवर लागतो.

स्पॉटचं: भिंतीला टेक्स्चर किंवा दगड असेल तरच भिंतीपासून ८ ते १० इंचांवरून २४ अंशांचे मारा. साध्या भिंतीवर असा तिरपा झोत पुट्टीचा प्रत्येक पट्टा दाखवतो, मग रंगारी आणि तुम्ही. टीव्हीच्या समोरच्या छतावर स्पॉट नको, पडद्यात दिसतो.

विश्रामबाग_रोहाऊस:
टेक्स्चर नाही, फक्त एक फोटोफ्रेम आहे, मध्य ५ फुटांवर. छत साडेनऊवर येईल. आणि तळमजल्याच्या जिन्याला पायाजवळ दिवे लावायचे होते.

मिरज_वायरिंग:
फ्रेमला एकच स्पॉट, भिंतीपासून अडीच फुटांवर, ३० अंश तिरपा. काचेत चमक आली तर थोडा भिंतीकडे सरकवा.

जिन्याचे दिवे वेगळ्या एमसीबीवर आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (करंट गळला की वीज तोडणारं स्विच) घ्या. सांगलीच्या गावभागात किंवा नदीजवळ असता तर २००५, २०१९, २०२१ चे महापूर बघून खाली दिवेच नको म्हणालो असतो. विश्रामबागला लावा, पण ड्रायव्हर जिन्याच्या वरच्या टोकाला.