वेताळ टेकडी आहे तशी राहू द्या: रस्ता नको, बोगदे नकोत आणि वर गार्डनपण नको

तेरडा
सरळ मुद्द्यावर येतो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या प्रस्तावित बालभारती-पौड फाटा रस्त्याचा विषय थोडे दिवस थंड पडतो आणि मग परत निघतो, आणि दर वेळी तेच ऐकायला मिळतं की ट्रॅफिक वाढलंय, रस्ता विकास आराखड्यात आहे, मूठभर लोक आडवे येतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीपासून लॉ कॉलेज टेकडीच्या बाजूने पौड फाट्यापर्यंत साधारण २.१ किलोमीटरचा रस्ता, शिवाय पंचवटीतून सुतारदऱ्याकडे एक आणि गोखलेनगरकडे एक असे दोन बोगदे, आणि जवळजवळ ३६ किलोमीटरच्या एचसीएमटीआर (जलद सार्वजनिक वाहतुकीसाठी आखलेल्या) वर्तुळाकार मार्गाची आखणीपण इथूनच. एकाच टेकडीवर एवढं सगळं.

ही शहरातल्या सगळ्यात उंच जागांपैकी एक आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. पाषाण, पंचवटी, गोखलेनगर, कोथरूड, लॉ कॉलेज रोड अशा पाच बाजूंनी माणसं घरातून चालत निघून वर पोचतात, गाडी काढावी लागत नाही, तिकीट नाही. वर साळई आहे, मोई आहे, गणेर आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी ओरडायला लागतो, मोर तर कुणीही सांगेल. एप्रिल २०२३ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले होते ते काय फक्त मॉर्निंग वॉकसाठी उतरले का?

आणि मला रस्त्याइतकीच भीती सुशोभीकरणाची वाटते. रस्त्याला निदान लोक विरोध करतात, पण पेव्हर ब्लॉक, दिवे, ओपन जिम, फूड स्टॉल, फुलपाखरू उद्यानाची कमान असं काही आलं की सगळे टाळ्या वाजवतात. पुण्यात महापालिकेच्या बागा भरपूर आहेत, तिथे करा की. टेकडीला टेकडी राहू द्या.

लॉ_कॉलेज_रोडवाला
मी विरोधात लिहितोय, मुद्दाम सविस्तर लिहितो. माझं घर रस्त्याला लागून पहिल्या मजल्यावर आहे. सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचपासून दहापर्यंत खिडकी उघडता येत नाही, आईला दमा आहे, अँब्युलन्स हॉर्न वाजवत एका जागी उभी राहिलेली आम्ही रोज बघतो. कोथरूडहून सेनापती बापट रस्ता, शिवाजीनगर, औंधकडे जायला दुसरा सरळ मार्गच नाही, म्हणून सगळं ओझं आमच्या एका रस्त्यावर. तुम्ही टेकडीवर जाऊन शुद्ध हवा घेता आणि खाली येऊन त्याच आमच्या रस्त्यावरून गाडीने घरी जाता. आमच्या फुप्फुसांचं काय? २.१ किलोमीटरच्या रस्त्याने अख्खी टेकडी संपत नाही, बराचसा भाग पायथ्याने जातो, काही खांबांवरून नेऊ म्हणतात. पर्यायी झाडं लावायचा कायदापण आता कडक झालाय. विरोध करणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतःची दुसरी कार विकली ते सांगा आधी.

सायकलवाली
लॉ कॉलेज रोडवाले दादा, त्रास खराच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नवीन रस्ता झाला की तुमचा रस्ता मोकळा होईल हे गृहीत धरताय, ते पुण्यात कुठे झालंय? नळ स्टॉपला दुमजली पूल झाला, तिथे पुलावरून सुटलेली गाडी पुढच्या सिग्नलला अडकते. चांदणी चौकात ऑक्टोबर २०२२ मध्ये जुना पूल पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन सगळं सुरू झालं, भरपूर मोठं काम झालं, आता बावधनच्या मित्रमंडळींना विचारा पीक अवरला काय असतं ते. जागा दिली की गाड्या येतात, कारण काल जो माणूस कंटाळून गाडी काढत नव्हता तो आज काढतो. आणि या नवीन रस्त्याची दोन्ही टोकं बघा ना, एकीकडे सेनापती बापट रस्ता, दुसरीकडे पौड फाटा. दोन्हीकडे आधीच गच्च आहे. मधले अडीच मिनिट पळाल आणि टोकाला वीस मिनिट उभे राहाल.

पाषाण_सूस
सायकलवाली ताई, चांदणी चौकाचं उदाहरण बरोबर नाही, पूर्वी मुंबईकडून येताना जे व्हायचं त्यापेक्षा आता पुष्कळ बरं आहे, मी रोज जातो. बोगद्यांबद्दल बोलतो. मी पाषाणला राहतो, ऑफिस कोथरूडला. नकाशावर मधे फक्त टेकडी आहे, पण मला एकतर चांदणी चौकाला वळसा नाहीतर विद्यापीठ चौक करून सेनापती बापट रस्त्याने. मेट्रो मेट्रो सगळे करतात, मार्च २०२२ ला वनाज-गरवारे सुरू झाली, छानच आहे, पण ती मला पाषाणहून कोथरूडला नेत नाही. बोगद्यात वरचं झाड पडत नाही, मोराला कळणारपण नाही खालून काय जातंय. मग त्यालापण विरोध का? प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं की लोक खऱ्या विरोधाकडेसुद्धा दुर्लक्ष करायला लागतात.

भूजल
बोगद्याने मोराला कळणार नाही, विहिरीला कळेल. आपल्याकडचा दगड बेसॉल्ट, लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. घट्ट कातळातून पाणी जात नाही, पण थरांच्या मधे जो पोकळ-सच्छिद्र, भेगा पडलेला भाग असतो त्यातून पाणी आडवं सरकत सरकत जातं आणि उतारावर कुठेतरी झऱ्याच्या रूपाने किंवा खालच्या विहिरीत, बोअरमध्ये निघतं. टेकडीच्या माथ्यावर पडलेला पाऊस असा मुरतो. तुम्ही मधून भोक पाडलं आणि तो थर कापला गेला तर पाणी बोगद्यात निघणार, मग बोगदेवाले ते पंपाने उपसून गटारात सोडणार, कारण त्यांना बोगदा कोरडा हवाय. पंचवटी, गोखलेनगर, कोथरूड, बावधन इथल्या किती सोसायट्या उन्हाळ्यात बोअर आणि टँकरवर असतात ते त्या त्या सेक्रेटरींना विचारा. नेमका कुठला थर कुठे कापला जाईल हे खोदण्याआधी तपासता येतं, तो अभ्यास आधी लोकांपुढे ठेवा एवढीच मागणी आहे. उगाच सगळ्याला नाही म्हणायची हौस कुणाला नाही.

दुसरं, उतारावर काँक्रीट टाकलं की जे पाणी मुरायचं ते धावत खाली येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला काय झालं ते सहकारनगर, अरण्येश्वरच्या लोकांना सांगायला लागत नाही. तिथली कारणं अनेक आहेत, ओढाच आक्रसलेला होता, पण कात्रजच्या बाजूचे फोडलेले डोंगरउतार हेपण त्यातलं एक आहे.

जनवाडी
मी इथे सहसा लिहीत नाही, फक्त वाचतो. आमचे आजोबा १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात सगळं वाहून गेल्यावर इकडे आले, तेव्हा जनवाडी-गोखलेनगर म्हणजे गावाबाहेरचा माळ. आमच्या आईने याच टेकडीवरून सरपण आणलंय, शेजारच्यांच्या शेळ्या वर चरायच्या. मग तारेचं कुंपण आलं, शेळ्या बंद, मोळी बंद. ते ठीक आहे, जंगल वाढलं, मान्य. पण तेव्हा आमच्या बाजूने कुणी मोर्चा काढला नव्हता. आता टेकडी वाचवायच्या मीटिंगला गेलो तर तिथे वस्तीतलं कोणी नसतं.

तरीपण मी बोगद्याच्या विरोधातच आहे, कारण साधं आहे, बोगद्याचं तोंड आमच्या बाजूला निघणार. तिथे जोडरस्ता, रुंदीकरण, म्हणजे कुणाची घरं जाणार हे सांगायला इंजिनियर लागत नाही. पाषाणवाले दादा, तुमची पंधरा मिनिटं वाचतील ती कुणाच्या दारातून वाचतील तेवढं बघा. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीतली पोरं अभ्यासाला वर जातात, पोलीस भरतीवाली पहाटे पळायला जातात. आम्हाला ती एकच मोकळी जागा आहे.

तेरडा
जनवाडी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. हरकतींच्या अर्जात झाडं, पक्षी, पाणी सगळं असतं आणि जोडरस्त्याच्या तोंडाशी राहणारी माणसं नसतात. पुढची बैठक गोखलेनगरमध्येच घ्यायला हवी, डेक्कनच्या हॉलमध्ये नाही, मी सगळ्यांना तसं सांगतोय.

मुग्धा_पं
मला मूळ लेखातल्या दुसऱ्या भागावर बोलायचंय. दिवे नकोत, काहीच नको असं म्हणणं सोपं आहे, पण मी एकटी बाई टेकडीवर जाते. टेकड्यांवर लुटालुटीच्या बातम्या येतात, जोडप्यांना गाठून दागिने-मोबाईल काढून घेतात, आणि मग सगळे म्हणतात अंधार पडायच्या आत खाली यावं. हिवाळ्यात सहालाच अंधार होतो. नोकरी करणाऱ्या बाईने कधी जायचं मग? वर स्वच्छतागृह नाही, पिण्याचं पाणी नाही, ज्येष्ठांना टेकायला जागा नाही. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांना कित्येक वर्षांत टेकडी दिसलेली नाही. तुमची आहे तशी टेकडी म्हणजे धडधाकट पुरुषांची टेकडी आहे.

तेरडा
मुग्धाताई, स्वच्छतागृह आणि पाणी पायथ्याच्या प्रत्येक गेटला हवं, शंभर टक्के. रखवालदार हवेत, गस्त हवी, गेटपर्यंतच्या वाटेवर दिवे हवेत, बाकंपण गेटजवळ ठेवू. पण माथ्यावर दिव्यांची रांग नको या मुद्द्यावर मी ठाम आहे. रातवा, घुबडं, ससे, हे सगळे रात्रीचे आहेत, आणि एकदा खांब आले की त्यांच्यासाठी केबल, केबलसाठी चर, चर बुजवायला काँक्रीट, मग मेंटेनन्सची गाडी वर यायला रस्ता. असंच वाढत जातं.

मुग्धा_पं
गस्त आजही कागदावर आहे हो. चार चौक्या आणि त्यात जागी माणसं असतील तर मी दिवे मागणार नाही. पण ती मिळेपर्यंत तुमच्या घुबडासाठी मी घरी बसायचं हे मला मान्य नाही. मोर्च्यात रस्ता नको च्या पाट्या होत्या, बायकांसाठी गस्त द्या ची पाटी मला दिसली नाही.

गवताळ
एक मुद्दा कुणीच घेतला नाही म्हणून लिहितो. आहे तशी राहू द्या म्हणजे नक्की काय? वर जे हिरवं दिसतं त्यातला मोठा भाग गिरिपुष्प आहे, उंदीरमारी. वनखात्याने काही दशकांपूर्वी उघड्या टेकड्या पटकन हिरव्या करायला लावलं, ते फोफावलं. त्याखाली आपली झुडपं फारशी येत नाहीत. जिथे खडकाळ उतारावर मूळचं गवत होतं तिथे चंडोल, तित्तर होते, ती जागा आता आक्रसलीय. आणि त्यात दर पावसाळ्यात कंपन्यांचे आणि मंडळांचे वृक्षारोपणाचे कार्यक्रम, गवताळ जागेत खड्डे घेऊन वड-पिंपळ लावतात, फोटो काढतात, मेपर्यंत निम्मी रोपं वाळलेली. ते प्रेमाने करतात पण ते टेकडीला नकोय. गिरिपुष्प एकदम तोडायचं नाही, टप्प्याटप्प्याने विरळ करायचं, मोई-साळई-हिवर-मेडशिंगीला जागा करून द्यायची, गवताचे पट्टे तसेच सोडायचे आणि उन्हाळ्यातले वणवे थांबवायचे. यासाठी माणसं आणि पैसा लागतो. तेव्हा काहीच करू नका ला माझा विरोध, रस्त्यालापण विरोध.

लॉ कॉलेज रोडवाल्यांना कायद्याबद्दल: २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची, बरोबर. पण ती लावणार कुठे? दुसऱ्या एखाद्या टेकडीच्या गवतात खड्डे घेऊनच ना?

बावधनचा_पाटील
सगळ्यांचं वाचलं. आता आमचं ऐका. १९९७ ला गावं महापालिकेत घेतली, मग आमच्या टेकडीउताराच्या जमिनींवर बीडीपीचं (जैवविविधता उद्यानाचं) आरक्षण टाकलं, २३ गावांत मिळून साधारण ९७६ हेक्टर. २०१५ ला सरकारने ते कायम केलं आणि मोबदला काय तर आठ टक्के टीडीआर, म्हणजे पैसे नाहीत, दुसरीकडे बांधकामाला वापरता येणारा हक्क. शेजारची सपाटीवरची जमीन कोटीत गेली आणि माझ्या वडिलांना मुलीच्या लग्नाला स्वतःची जमीन विकता आली नाही, घ्यायलाच कोणी तयार नाही. शहराला हवा पाहिजे, पाणी मुरायला पाहिजे, मोर पाहिजेत, आणि ते सगळं आमच्या सातबाऱ्यावर. सोसायट्यांतली माणसं ज्या फ्लॅटमध्ये राहतात तोपण कुणाच्या तरी शेतावरच उभा आहे ना? मी पण टेकडी फोडायच्या विरोधात आहे, देवाची शपथ, लहानपण तिथे गेलंय. पण फुकट नाही.

तेरडा
पाटील, वेताळ टेकडीचा बराच भाग वनखात्याकडे आहे त्यामुळे तिथे हा प्रश्न कमी येतो, पण बाकी टेकड्यांवर हाच खरा प्रश्न आहे आणि टेकडीप्रेमी लोक त्याला हात लावत नाहीत हे तुमचं म्हणणं मला पटतं. महापालिकेला रस्त्यासाठी कोट्यवधी काढता येतात तर टेकडीच्या जमिनीचा रोख मोबदला द्यायला पण काढता आले पाहिजेत. हरकतीच्या पत्रात ही मागणी घालतो, जोडीला प्रत्येक गेटवर गस्तीची चौकी, बोगद्याआधी भूजलाचा अभ्यास, आणि कोथरूड-पाषाण-सेनापती बापट रस्ता अशी दर दहा मिनिटांनी बस. मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकतो, दुरुस्त्या सांगा.

बावधनचा_पाटील
घाला. पण नुसतं "योग्य मोबदला" असं लिहू नका, ते गेली कित्येक वर्षं ऐकतोय. रोख, आजच्या बाजारभावाने आणि मुदत घालून, असं लिहा. तर आमच्या गावातल्या सह्या मी आणतो.

लॉ_कॉलेज_रोडवाला
बसच्या मागणीवर माझी सही धरा, आमच्या बिल्डिंगमधल्यापण देतो. पण त्यासाठी ते पत्र वेगळं करा. रस्त्याला विरोध असलेल्या कागदावर मी सही करणार नाही, आईचा नेब्युलायझर बंद होईपर्यंत तरी नाही.